डाव्या पायावर भरवसा नाही

रविवारी सकाळी अख्खं हार्लन्स फेरी गाव चर्चला जायचं, आणि व्हर्जिल पेत्राक कॉलेजच्या जिमखालच्या बॉयलरशेजारच्या खोलीत जायचा. तिथं एक पडदा, एक मोडकी खुर्ची, फिल्म मागेपुढे करायचं बटण आणि शनिवारच्या मॅचचं रेकॉर्डिंग. हप्ताभर टायरच्या दुकानात घासलेला माणूस, नखांत काळं गेलेलं ते जन्माचं, पण पेन्सिल तो चाकूनं टोकदार करून आणायचा.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळणाऱ्यांची नावं पेपरात येतात. पुढच्या फळीतल्या पाच जणांनी चेंडूला हात लावायचाच नसतो. मागे त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला उभा असतो आणि समोरून रेड्यांसारखे गडी त्याला पाडायला येतात. या पाच जणांनी त्यांना तीन-चार सेकंद अडवायचं. बास, एवढंच काम. नीट केलं तर कुत्रंसुद्धा विचारत नाही. एकदा चुकलं की स्टेडियममधल्या म्हाताऱ्यांनासुद्धा तुमचा नंबर पाठ होतो.

त्या पाच जणांना मार्क द्यायचं काम व्हर्जिलचं. एका मॅचमध्ये साठ-सत्तर डाव. प्रत्येक डावात प्रत्येक गड्याला दोन खुणा. पहिली खूण कामाची, समोरचा अडवला का. दुसरी रीतीची, शिकवलंय तसा अडवला का. अधिक नाहीतर वजा. खाली एका ओळीचा शेरा. दोन्ही रकाने मिळून ऐंशी टक्के भरले पाहिजेत. सलग तीन मॅच ऐंशीच्या खाली गेलास की तू बाकावर, मग तू कुणाचा का मुलगा असेनास. लॅव्हर्टी कोचचा हा नियम वीस वर्षांचा होता.

व्हर्जिलला हे काम मिळालं तेही भांडणातून. अकरावीत शाळा सोडली, टायरच्या दुकानात लागला, आणि दर शनिवारी कुंपणाला लटकून मॅच बघायचा. बघायचा कसला, बोंबलायचा. "अरे त्या उजवीकडच्याचं बूड वर आलंय. बूड खाली घे, लेका." चार शनिवार कोचनं ऐकून घेतलं. पाचव्याला कुंपणाशी आला.

"तुला लिहिता येतं का?"

"शाळा सोडली म्हणजे अक्षरं सोडली नाहीत."

"मग रविवारी ये. इथं ओरडतोस ते कागदावर ओरड."

तेव्हापासून तीन वर्षं तो येत होता. आणि कोचनं त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवली होती. काम झालं असेल आणि रीत गड्याची स्वतःची असेल, तर अधिक द्यायचं की वजा, ते तू ठरव. नुसतं शिकवल्याशी ताडून बघायचं असतं तर मी माझ्या सासूला बसवलं असतं.

हे वाक्य लक्षात ठेवा म्हणून सांगत नाही. व्हर्जिललाच ते फार उशिरा आठवलं म्हणून सांगतो.

आता काझ दुदेक. सहा फूट पाच इंच, दारातून येताना मान वाकवायची सवय लागलेली, आणि आवाज असा मऊ की फोनवर लोक त्याला त्याची आई समजायचे. काझ आणि व्हर्जिल एकाच गल्लीतले. नदीकाठच्या पोलाद कारखान्यात दोघांचे बाप एकाच भट्टीवर होते आणि एकाच शुक्रवारी घरी बसले. आठवीपासून शाळेच्या टीममध्ये काझ फळीच्या डाव्या टोकाला, व्हर्जिल त्याच्या आतल्या अंगाला. क्वार्टरबॅक उजव्या हातानं फेकतो, त्यामुळे त्याची पाठ डावीकडे. त्याला न दिसणारी बाजू सांभाळायची म्हणून डाव्या टोकाला सगळ्यात भरवशाचा गडी लावतात. चार वर्षं या दोघांचे खांदे एकमेकांना घासत होते. चालीची खूण करायला त्यांना बोलावं लागायचं नाही. काझनं श्वास सोडला की व्हर्जिलला कळायचं.

अकरावीचा नोव्हेंबर. तीन दिवस पाऊस, मैदानाचा गाळ झालेला. तिसऱ्या भागात समोरच्यानं व्हर्जिलला छातीत असा हाणला की तो उलटा मागे फेकला गेला आणि पाठीवर पडला. पाठीखाली काझचा डावा पाय होता, रोवलेला. एक आवाज झाला. ओली फांदी मोडल्यासारखा नाही, तसं लोक उगाच सांगतात. चिखलातून बूट उपसल्यासारखा झाला.

कुणीही पडलं असतं. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत हे होतंच. काझ तर स्ट्रेचरवर म्हणाला, "व्हर्ज, तू लठ्ठ झालायस." त्यानंतर त्या विषयावर तो एक शब्द बोलला नाही. व्हर्जिलही नाही. त्या हिवाळ्यात व्हर्जिलनं शाळा सोडली. मास्तरांना त्यानं कारण काहीतरी वेगळंच सांगितलं.

काझचं ऑपरेशन झालं, बारावीच्या शेवटी तो परत खेळला, गावातल्या कॉलेजनं घेतला. दुसऱ्या वर्षी सरावात, आजूबाजूला कुणी नसताना, वळताना तोच गुडघा परत गेला. दोन वर्षं घरी. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा कुबड्या, पुन्हा चर्चच्या पायऱ्या एक-एक करत चढणं. डॉक्टर म्हणाला, बांधून दिलाय, आता नव्यापेक्षा पक्का. ऑगस्टमध्ये काझ गुडघ्याला लोखंडी पट्टा लावून सरावाला उभा राहिला. कॉलेजचं शेवटचं वर्ष. याच वर्षी खेळून दाखवलं तर पगारी टीमची माणसं येऊन बघतील, नाहीतर नदीवर मामाच्या बोटीवर दोर फेकायचे. काझला हे माहीत होतं. गावालाही माहीत होतं. दुकानात पंक्चर काढायला आलेला प्रत्येक जण आधी तेच विचारायचा.

"काय रे व्हर्जिल, दुदेकचा पाय कसा दिसतोय?"

पाय. काझ कसा दिसतोय, असं कुणी विचारायचं नाही.

काझ परत आला तो वेगळाच गडी होऊन. कोचची रीत अशी: चेंडू सुटला की तीन पावलं मागे सरकायचं, खुर्चीत बसल्यासारखं गुडघ्यांवर बसायचं, आणि धावत येणाऱ्याला अंगावर घ्यायचं. चांगली रीत आहे. काझ पूर्वी ती अशी करायचा की बाकीच्यांना त्याची फिल्म दाखवायचे. आता तो मागे जाईचना. एक आखूड पाऊल, आणि समोरचा जमिनीवरून अजून उठतोय न उठतोय तोवर दोन्ही हात त्याच्या छातीत. धाव घ्यायला त्याला वावच द्यायचा नाही.

पहिल्या रविवारी व्हर्जिलनं हे बघितलं. पडद्यावर काझ होता, पण त्याची नजर त्या लोखंडी पट्ट्यावरून हलेना. डाव सुरू झाला की तो मनात म्हणायचा, टेकव, टेकव पाय. काझ टेकवायचाच नाही. कामाच्या रकान्यात अधिक, अधिक, अधिक. रीतीच्या रकान्यात, चेंडू फेकायच्या प्रत्येक डावाला, वजा, वजा, वजा. खाली शेरा लिहिताना पेन्सिल थोडी थांबली. मग त्यानं लिहिलं, 'डाव्या पायावर भरवसा नाही.'

शहात्तर टक्के.

दुसऱ्या मॅचला चौऱ्याहत्तर. शेरा तोच.

कोचनं सोमवारी त्याला थांबवून विचारलं. "पेत्राक, दुदेकचं तुझं नक्की काय मत आहे? माझ्या डोळ्यांना बरा वाटतोय."

"तो पाय वाचवतोय, कोच. एक दिवस समोरचा आधी पोचेल, हा सापडेल कोंडीत, आणि तो गुडघा..."

"तू त्याच्या शेजारी चार वर्षं खेळलायस."

"म्हणूनच सांगतोय."

"मग मी तुझं धरतो," कोच म्हणाला.

तिसऱ्या मॅचला पंचाहत्तर. डाव्या टोकाला कोल्टन रीस नावाचं दुसऱ्या वर्षाचं पोरगं उभं राहिलं. ताजं, तगडं, तीन पावलं मागे, खुर्चीत बसल्यासारखं. पुस्तकातला फोटो. काझ बाकावर.

त्या सोमवारी व्हर्जिल हलका झाला होता, खरं सांगायचं तर. दुकानात शिट्टी वाजवत होता. त्याला वाटत होतं, आपण काझला वाचवला.

दुपारी काझ दुकानात आला. व्हर्जिल ट्रकचं चाक मशीनवर चढवत होता.

"हवा बघायचीय?"

"नाही. अक्षर बघायचंय." काझनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. गड्यांना आपापलं पत्रक मिळायचं, आधीच्या मॅचचे मार्कही त्यावर असायचे, मार्क देणाऱ्याचं नाव मात्र नसायचं. "तिसरीपासून तुझ्या वहीतून गणितं उतरवलीत मी, व्हर्ज. तुझा सातचा आकडा वाकलेल्या खिळ्यासारखा असतो. इथं तीन वाकलेले खिळे आहेत."

"कोचची रीत आहे तसं लिहितो मी."

"कोचची रीत ही पण आहे की काम झालं असेल तर डोकं वापरायचं. आम्हालाही सांगितलंय त्यानं." काझचा आवाज तसाच मऊ होता. "शनिवारी माझा माणूस मला चुकवून कितीदा गेला?"

"दोनदा."

"आपला क्वार्टरबॅक माझ्या बाजूनं कितीदा पडला?"

"एकदाही नाही."

"तीन मॅचमध्ये?"

"एकदाही नाही."

"मग?"

"मग काय मग? तू मागे येत नाहीस, बसत नाहीस, पायावर वजन घेत नाहीस. जुगार खेळतोयस तू. एक दिवस..."

"एक दिवस काय?"

व्हर्जिल चाकाचे नट मोजत बसला. पाच होते, तो पुन्हा मोजायला लागला.

"तू मला बघतच नव्हतास," काझ म्हणाला. "तू माझा गुडघा बघत होतास. दोनशे डाव."

"कुणीतरी बघायला नको?"

"त्याला डॉक्टर आहे. त्याचं बघून झालंय. तू मला बघायचं होतंस. अख्ख्या गावात मला बघता येणारा एक माणूस होता, तो पण पायाकडे बघत बसला."

आतून दुकानाचा मालक ओझी ओरडला, "दुदेक, भांडण आटप नाहीतर पाना हातात घे. ट्रकवाला खोळंबलाय."

"आटपलं, मिस्टर ओझी." काझनं कागदाची घडी पुन्हा त्याच रेघांवर घातली. जाता जाता थांबला. "त्या चिखलातल्या दिवसाबद्दल मी तुला कधी काही बोललो?"

"नाही."

"बोलायला पाहिजे होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मोकळा झाला असतास. माझंच चुकलं."

तो गेला. मान वाकवून, शटरखालून. व्हर्जिलनं ट्रकवाल्याचं चाक उलटं बसवलं आणि ओझीच्या शिव्या खाल्ल्या. त्या त्याला गोड लागल्या.

पुढच्या रविवारी तो खोलीत आला तेव्हा ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा बरोबर घेऊन आला होता. पडद्याचा खालचा अर्धा भाग त्यानं त्या पुठ्ठ्यानं झाकला. चिकटपट्टीनं चारी बाजूंनी पक्का केला. मग पहिल्या तीन मॅच पुन्हा लावल्या. आता कुणाचेच पाय दिसत नव्हते. नुसते खांदे, हेल्मेटं, हात.

दहा डावांत त्याला कळलं. खरं म्हणजे चौथ्यातच कळलं होतं, पण तो बघत राहिला. काझचे हात बसले की समोरच्याची मान मागे उडत होती. प्रत्येक डावात. दुसऱ्या भागापर्यंत समोरचा गडी काझकडे बघायचा बंद झालेला, बाजूनं कुठून निसटता येईल ते हुडकणारा. तिसऱ्या मॅचमध्ये तर त्यांनी आपला सगळ्यात वेगवान गडी डावीकडून उचलून उजवीकडे नेला. म्हणजे काझच्या वाटेला जायचंच सोडलं. हे सगळं त्याच पडद्यावर होतं. त्याच खुर्चीतून त्यानं बघितलं होतं, आणि दोनशे वेळा तो पट्ट्याकडे टक लावून बसला होता.

जुगार नव्हता तो. काझनं दोन वर्षं घरी बसून, कुबड्यांवर, एकट्यानं काढलेली रीत होती. ज्या पायावर धावत्या माणसाचं वजन घ्यायचं नाही, त्यावर ते येऊच द्यायचं नाही. त्यासाठी हात दुप्पट जोरकस हवेत, डोळा दुप्पट तेज हवा. दोन्ही त्यानं कमावले होते. परत आला म्हणजे पूर्वीचा होऊन आला, असंच व्हर्जिल धरून चालला होता. पूर्वीचा काझ तर त्या गाळातच राहिला होता.

त्यानं तिन्ही पत्रकं नव्यानं लिहिली. एक्याण्णव, नव्वद, त्र्याण्णव. सोमवारी सकाळी कोचच्या टेबलावर ठेवली.

लॅव्हर्टीनं चष्मा लावला, काढला. "फिल्म बदलली का?"

"नाही, कोच."

"मग?"

"मी चुकलो. पायाकडे बघत होतो."

"हं." कोचनं तिन्ही पत्रकं पुन्हा एकदा वाचली. वाईट माणूस नव्हता तो. "पेत्राक, त्या पोरानं शनिवारची मॅच काढलीय, जिंकलीय. त्याचं पत्रक पंच्याऐंशी. ते पण तूच लिहिलंयस. आता मी त्याला काय सांगू? तुला रविवारी साक्षात्कार झाला म्हणून बस खाली?"

"काझवर अन्याय झालाय."

"झालाय. आणि हा बसला तर याच्यावर होईल. मी तुला सरळ विचारलं होतं. तू सरळ सांगितलंस. मी तुझं धरलं." त्यानं पत्रकं परत केली नाहीत, ड्रॉवरमध्ये टाकली. "कोल्टनला काही झालं तर दुदेक जाईल आत. त्यापलीकडे माझ्या हातात नाही."

आता मॅच बघायची म्हणजे एका पोराला काही व्हावं अशी वाट बघायची. व्हर्जिलनं ते दोन शनिवार केलं आणि तिसऱ्याला स्वतःचीच किळस आली. काझ मात्र बाकावर बसलाच नाही. हेल्मेट काखेत धरून मैदानाच्या कडेला उभा. कोल्टन बाहेर आला की त्याला पाणी द्यायचा, कान धरून सांगायचा, हात खाली पडतायत तुझे, वर घे. पोरगं सुधारत गेलं. काझनंच त्याला सुधारला, म्हणजे स्वतःची जागा स्वतःच्या हातानं पक्की बंद केली. व्हर्जिलला दर रविवारी ते पोराच्या मार्कांत दिसत होतं. पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. खरे मार्क होते, द्यावेच लागत होते.

नोव्हेंबरच्या मध्यावर, मंगळवारी, पगारी टीमसाठी गडी हेरणारा एक माणूस आला. प्रुइट नाव. अंगात जाड कोट, हातात बडीशेपेच्या गोळ्यांचा डबा, बोलणं कमी. तो आला होता आमच्या एका पळणाऱ्या पोरासाठी. कोचनं व्हर्जिलला दुकानातून बोलावून घेतलं, फिल्म लावायला.

पहिली मॅच लागली. पंधराएक डाव गेले.

"थांब," प्रुइट म्हणाला. "मागे घे."

व्हर्जिलनं मागे घेतलं.

"हा डाव्या टोकाचा. सत्तर नंबर. परत मागे घे."

घेतलं.

"गुडघ्याला पट्टा आहे. किती ऑपरेशनं?"

"दोन."

"आणि मागे हटतच नाही. समोरचा उठायच्या आत धरतोय." तो खुर्चीत पुढे सरकला. "मागे घे अजून एकदा. कुणी शिकवलं हे याला?"

"कुणी नाही. त्याचं त्यानं काढलं."

"हुशार आहे." गोळ्यांचा डबा त्यानं खाली ठेवला, वही काढली. "पाय गेलेले गडी घाबरून मागे सरकतात. हा पुढे सरकलाय. पुढच्या मॅच लाव याच्या. पाचवी, सहावी."

"नाहीत."

"म्हणजे?"

"तीनच खेळलाय."

"परत दुखावला?"

"नाही. बाकावर बसवला. पत्रकात कमी पडला."

"असलं पत्रक लिहितो कोण?"

व्हर्जिलनं बटण खाली ठेवलं. "मी."

प्रुइटनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. दुकानात येणारे लोक फाटलेल्या टायरकडे बघतात तसं. काय झालं ते कळलेलं असतं, आता उपयोग नसतो.

"तीन मॅचवर मी वर जाऊन काय सांगू?" तो म्हणाला. "दोन वर्षं घरी बसलेला गडी परत आला म्हणायला आठ-दहा मॅच बघाव्या लागतात. थंडीत काय करतो. दमल्यावर काय करतो. समोरच्यांनी त्याची खोड ओळखल्यावर काय नवं काढतो. हे तीन म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबरात सगळेच बरे असतात." त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, त्यावर एक रेघ मारली. "त्या पळणाऱ्याची लाव."

व्हर्जिलनं लावली.

हे काझला सांगायचं की नाही, यावर त्यानं बुधवार घालवला. न सांगणं सोपं होतं. काझनं त्याला काही विचारलं नव्हतं, दीड महिना दोघं धड बोललेही नव्हते. पण आधी त्यानं काझसाठी काय चांगलं ते काझला न विचारता ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते समोर होतं.

गुरुवारी सेंट स्तनिस्लाव चर्चच्या तळघरात बायका पिरोगी करतात. मैद्याच्या पारीत बटाटा आणि चीज भरून, करंजीसारख्या दुमडून, उकळायच्या. शुक्रवारी विकायच्या, चर्चच्या छपरासाठी. ते छप्पर व्हर्जिलच्या जन्माआधीपासून दुरुस्त होतंय. काझ दर गुरुवारी बटाटे ठेचायला यायचा, कारण त्याच्याएवढा दंड तिथं कुणाचा नव्हता. व्हर्जिल खाली उतरला तेव्हा आठ म्हाताऱ्या आणि मधे काझ, डोक्याला केसांची जाळी, पुढ्यात बादलीएवढं पातेलं.

"बघा कोण आलं," मिसेस वोझ्नियाक म्हणाली. ऐंशीची बाई, डोळे चाकूसारखे. "टायरवाला. तुझे हात मैद्याजवळ आणू नकोस, काळे लाडू होतील."

"धुवून आलोय."

"साबणाला विचारलंस का, तो काय म्हणतो ते?"

बायका हसल्या. काझची आई हसली नाही. मिसेस दुदेकनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पारी लाटत राहिली. लहानपणी तिच्या स्वयंपाकघरात त्याची वेगळी ताटली होती.

काझनं पायानं एक स्टूल सरकवलं. "बस. कडा दाबायला लाग."

व्हर्जिल बसला. दोन-तीन पिरोगी दाबल्या. मग खाली मान घालूनच बोलला. "मंगळवारी एक माणूस आला होता. बघायला."

काझचा ठेचणारा हात थांबला नाही. "त्या पळणाऱ्यासाठी. माहितीय."

"त्यानं तुला बघितलं."

आता थांबला.

"काय म्हणाला? तुझं मत नको. त्याचे शब्द सांग."

व्हर्जिलनं सांगितलं. हुशार आहे म्हणाला. पाय गेलेले मागे सरकतात, हा पुढे सरकलाय म्हणाला. पाचवी, सहावी लाव म्हणाला. आणि मग बाकीचंही सांगितलं, आठ-दहा मॅच, सप्टेंबर, वहीतली रेघ. पत्रक कुणाचं ते त्यानं विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

मिसेस दुदेकनं लाटणं खाली ठेवलं. "व्हर्जिल, मला एक सांग. माझा मुलगा चांगला खेळत होता?"

"हो, मिसेस दुदेक."

"पहिल्या मॅचपासून?"

"पहिल्यापासून."

"मग तू तसं का लिहिलं नाहीस?"

त्याच्याकडे उत्तर होतं. मला भीती वाटली. मी त्याच्या पायावर पडलो होतो, पुन्हा तो आवाज ऐकायचा नव्हता मला. पण ते उत्तर म्हणजे स्वतःचीच कहाणी झाली, आणि तिनं विचारलं होतं मुलाचं. त्यानं पुढची पिरोगी उचलली आणि कडा दाबली.

"आई, मीठ कमी आहे यात," काझ म्हणाला.

ती उठली, मिठाची बरणी आणायला गेली. आतच थांबली बराच वेळ.

"मामाची बोट सोमवारी सुटतेय," काझ म्हणाला. "मी हो सांगितलंय. हे ऐकून सांगितलेलं नाही, आधीच सांगितलं होतं. तुला वाटायला नको."

"बरं."

"तू रविवारी जाणारेस ना खोलीत? शेवटची मॅच आहे शनिवारी."

"नाही. कोचला सांगणार आहे दुसरं कुणी बघा म्हणून."

"जा," काझ म्हणाला. "कोल्टन डावीकडे उशिरा वळतो. अजून. तुझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही ते. मी सोमवारपासून नाही."

व्हर्जिलनं मान हलवली. समोरच्या ताटातल्या त्यानं दाबलेल्या पिरोगी मिसेस वोझ्नियाक एक-एक करून उचलत होती, कडा बोटांनी पुन्हा दाबत होती, काही न बोलता. तो दाबत राहिला, ती पुन्हा दाबत राहिली.

आईनं आणून ठेवलेल्या बरणीतलं मीठ काझनं पातेल्यात टाकलं, चव घेतली, पुन्हा ठेचायला लागला. आठ-दहा घाव झाल्यावर, नजर बटाट्यांवरच ठेवून, त्यानं विचारलं, "मागे घे, असं किती वेळा म्हणाला तो?"

"तीनदा."

"एकाच डावाला?"

"एकाच."

"कुठला डाव?"

"पहिल्या भागातला. त्यांच्या त्या लाल मोजेवाल्याला तू उभ्या उभ्या धरलास तो."

"हां. तो," काझ म्हणाला. "तो चांगला झाला होता."

आणि मग शुक्रवारच्या साठ डझनांचे बटाटे संपेपर्यंत तो ठेचत राहिला, व्हर्जिल कडा दाबत राहिला.